बॉनेटवरचा हात

भाड्याची गाडी ताब्यात घ्यायला इतरांना दहा मिनिटं लागतात. आम्हाला पाऊण तास लागतो, कारण माझं लग्न धनंजय भोइटे यांच्याशी झालेलं आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाघोलीच्या यार्डात तोबा गर्दी होती. पुण्यात गाडी उभी करण्याचा परवाना गाडीपेक्षा महाग झाला, तेव्हापासून स्वतःची गाडी बाळगणं कुणाच्या आवाक्यात राहिलेलं नाही. गावाला जायचं की सगळे यार्डात. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि माझा नवरा डावा हात बॉनेटवर टेकून, वाकून, उजव्या हाताने गाडीचा व्हिडिओ काढत होता. आधी चारी बाजू, मग टप, मग टायर, मग आत बसून बॅटरीचा आकडा, मग डिकीतलं सुटं चाक. शिवाय तोंडाने तारीख आणि वार.

"धनंजय, बस झालं आता."

"बस झालं म्हणणाऱ्यांच्याच खिशाला चाट बसते."

ते खोटं नव्हतं. पूर्वी एकदा महाबळेश्वरहून परत आल्यावर एका कंपनीने आमच्यावर दाराच्या ओरखड्याचं बिल फाडलं होतं. ओरखडा आधीचाच होता. धनंजय आठ महिने भांडला आणि जिंकला. तेव्हापासून त्याला ती गोडीच लागली. स्वच्छतेचा आकार, उशिराचा आकार, 'इतर' नावाचा आकार, एकही त्याने कधी मुकाट्याने भरला नाही. शेवटी सगळ्या कंपन्यांनी मिळून त्याचं नाव वारंवार वाद घालणाऱ्या ग्राहकांत टाकलं आणि त्याच्याकडून दुप्पट अनामत मागायला लागल्या. म्हणून आता गाडी माझ्या नावावर घेतो. सही माझी, भांडण त्याचं.

"सर, फोटोंची गरज नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आता सगळ्या गाड्या लेपाच्या आहेत. वाद होतच नाहीत."

"वाद होत नाहीत म्हणजे आपल्याला बोलायची सोय नाही," धनंजय मला म्हणाला, आणि त्याने सुट्या चाकाचा आणखी एक फोटो काढला.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे हा लेप काय असतो ते मला ठाऊक होतं. रंगाच्या खाली केसापेक्षा पातळ असा एक पापुद्रा असतो. तो दाबला की त्यात किंचित वीज तयार होते. गॅसच्या लायटरचा खटका दाबल्यावर ठिणगी पडते, त्याच्यामागे हेच तत्त्व आहे. पापुद्र्यावर हजारो ठिकाणी ती वीज मोजली जाते. कुठे दाब पडला, किती पडला, किती वेळ टिकला, सगळं नोंदवलं जातं. सुरुवातीला या लेपाने फार गोंधळ घातला. गारा पडल्या तरी बिल, शेळीने अंग घासलं तरी बिल. मग त्याला फरक ओळखायला शिकवावं लागलं, आणि ते शिकवताना शास्त्रज्ञांना एक सोपी खूण सापडली. जिवंत माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. कितीही घट्ट धरा, सेकंदाला आठ ते बारा वेळा तो हलतोच. इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. फांदी तशी हलत नाही, गारही नाही. आणि प्रत्येकाचं हलणं वेगळं असतं, त्यामुळे हात कोणाचा तेही ओळखता येतं.

ओरखडा आधीचा की नंतरचा, हा प्रश्नच मिटला. गाडी स्वतःच साक्ष द्यायला लागली.

फलटणला माझ्या सासूबाई एकट्या राहतात. वय त्र्याहत्तर. प्रमिला भोइटे हे नाव तिथे कुणालाही विचारा. तीस वर्षं त्यांनी गावातल्या बायकांना गाडी शिकवली आहे आणि अजून शिकवतात. शहरात गाड्या आपोआप चालतात, पण उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या की त्या आपोआप चालणाऱ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. म्हणून तालुक्यात अजून गाडी हाताने चालवता यावी लागते, आणि सासूबाईंच्या दारात सकाळी सहाला दोन-तीन बाया उभ्या असतातच.

दसऱ्याला सकाळी मी आत चक्का फेटत होते. बाहेर नारळ फुटल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर आमची भाड्याची गाडी न्हाऊन-माखून उभी. वायपरला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबं, आणि बॉनेटच्या मधोमध ओल्या कुंकवाचं टपोरं स्वस्तिक. वर अक्षता आणि नारळाचं पाणी. शेजारी सासूबाईंची जुनी शिकवणीची गाडीही तशीच नटलेली.

धनंजय आंघोळ करून बाहेर आला आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आई! भाड्याची गाडी आहे ती!"

"मग? भाड्याची असली म्हणून काय झालं? तुम्हाला घाटातनं सुखरूप आणलं ना तिनं?"

"लेप आहे त्याच्यावर! कुंकवात चुना असतो!"

"दसऱ्याला दारात उभ्या गाडीला हळदकुंकू लावायचं नाही, असं लिहिलंय कुठं?"

तसं लिहिलेलं नव्हतंच. करारात आम्लधर्मी व अल्कधर्मी पदार्थ असं काहीतरी होतं, पण त्याचा अर्थ कुंकू असा फलटणमध्ये कोण लावेल? धनंजयने ओल्या फडक्याने स्वस्तिक पुसलं. खाली फिकट गुलाबी सावली उरली. मग पुरावा म्हणून त्याने पुन्हा बॉनेटवर हात टेकून सगळ्या गाडीचा व्हिडिओ काढला, तारीख-वारासकट. माळ उतरवायला सासूबाईंनी काही दिली नाही.

जेवण झाल्यावर नेहमीचा विषय निघाला.

"आई, आता पुण्याला चल. एकटीनं किती दिवस काढणार?"

"माझ्या बॅचा चालू आहेत."

"या वयात कसल्या बॅचा? एक दिवस ब्रेकवरचा पाय चुकला तर?"

"बारावीत तुला गाडी शिकवत होते तेव्हा तुझा कितीदा चुकला? माझा नाही चुकला अजून."

मी भांडी आवरत होते. सांगायला बरं वाटत नाही, पण त्या नाही म्हणाल्या की दरवेळी मला जरा हायसं वाटायचं. दोन खोल्यांचं घर, माझं कॉलेज, पेपर तपासणं, आणि धनंजय. मी थकलेली असते. रागावलेली नाही, थकलेली.

पुण्याला परतल्यावर दोन दिवसांत बिल आलं. बाबी दोन. एक, बॉनेटवर रासायनिक डाग. दोन, डाव्या दिव्याजवळ धातूने घासल्याच्या बारीक रेषा. कारण, टेकलेला मानवी हात, कंपयुक्त. एकूण रक्कम माझ्या निम्म्या पगाराएवढी. खाली दोन बटणं होती, मान्य आणि अमान्य.

धनंजयने चष्मा वर करून ते वाचलं आणि खुर्चीत सरळ होऊन बसला.

"कंपयुक्त," तो म्हणाला. "शर्वरी, वाचलंस? आईचा हात थरथरतो."

"कशावरून त्यांचाच?"

"पूजा कोणी केली? बॉनेटला हात कोणी लावला? तिची पाटली घासली असणार. मी इतकी वर्षं काय सांगतोय!"

जगातल्या एकाही कंपनीच्या कागदावर कधी विश्वास न ठेवणारा माझा नवरा या एका शब्दावर मात्र लगेच विश्वास ठेवून मोकळा झाला. त्याच्या आवाजात काळजी होती, ती खोटी नव्हती. पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंदही होता. त्याने तिथल्या तिथे फलटणला फोन लावला, स्पीकरवर.

"आई, तुझा हात थरथरतोय. कंपनीच्या नोंदीत आलंय."

"माझा हात थरथरत नाही."

"तुला कळत नसेल. मशीनला कळतं."

"अरे, मला माझा हात कळत नाही?"

"आई, हट्ट सोड. बायका तुझ्या भरवशावर स्टिअरिंग धरतात. उद्या कुणाला काही झालं तर?"

सासूबाई म्हणाल्या, "बरं, ठेवते," आणि खरोखरच ठेवला.

"धनंजय, हे जास्त झालं," मी म्हटलं.

"तिच्या भल्यासाठीच बोललो. आणि बिल अमान्य करायचं. म्हातारीने प्रेमाने लावलेल्या कुंकवाचे पैसे घेतात म्हणजे काय?"

करार माझ्या नावाचा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोन मला आला. यार्डातले निवाडा अधिकारी, ताहेर मुलाणी. अमान्य करण्याआधी एकदा येऊन नोंद बघून जा, असं म्हणाले. आवाज सौम्य होता, आणि तेच मला खटकलं.

कॉलेज सुटल्यावर गेले. मुलाणी पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांच्या खोलीत एक मोठा पडदा आणि दोन खुर्च्या एवढंच होतं. चहा सांगितला आणि दार लावून घेतलं.

"मोबाईल तेवढा बाहेर ठेवा मॅडम. अमान्य करेपर्यंत ही नोंद फक्त करारावर सही करणाऱ्याला दाखवता येते, आणि फोटो काढता येत नाही."

पडद्यावर आमच्या गाडीचं बॉनेट आलं. त्यावर एकेक स्पर्श उमटत गेला, पिवळा, केशरी, लाल. पाण्याचं फडकं फिरलं. मग एक बोट आलं. वरून खाली, आडवं, चार टोकं, चार ठिपके. कुठे अडलं नाही.

"हा उजवा हात. आजींचा ना?"

"सासूबाई."

"खालची कंपाची रेघ बघा त्यांची. सेकंदाला दहाच्या आसपास, एकदम बारीक. तिशीतल्या माणसाची असते तशी." त्यांनी चित्र पुढे सरकवलं. "आणि हा दुसरा."

डाव्या दिव्याजवळ एक अख्खा तळवा उमटला. मोठा, जड, आणि डावा. मनगटाखाली घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलाचा लाल ठिपका. तळवा तसाच टेकून राहिला आणि खालची रेघ वरखाली उड्या मारायला लागली. मला मोजायची गरज नव्हती. पण फिजिक्सच्या बाईने सवयीने मोजलंच. सेकंदाला पाच.

हे कोण, ते मला पहिल्या क्षणालाच कळलं होतं.

निरोगी हात सेकंदाला आठ-बारा वेळा हलतो आणि ते दिसत नाही. चार ते सहा वेळा हलणारा हात वेगळा असतो. तो नुसता टेकलेला असताना थरथरतो. काही उचलायला घेतलं, काही काम करायला लागला, की थरथर थांबते. म्हणून सुरुवातीला ती घरातल्यांच्या लक्षात येत नाही. एकाच बाजूने सुरू होते. मेंदूतल्या थोड्याशा पेशी हळूहळू बंद पडत असतात आणि सगळ्यात आधी एक हात ते सांगायला लागतो. पार्किन्सन हा शब्द मुलाणी बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही.

गेलं वर्षभर धनंजयचा डावा हात चालताना हलत नव्हता. मी त्याला म्हणायचे, खिशात काय सोनं लपवलंयस का? त्याची सही बारीक होत चालली होती. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा आणि मी दारात चपला घालून चिडचिड करत उभी असायचे. मी रोज ज्या माणसाशेजारी झोपते त्याचा हात मला कळला नाही, तो एका गाडीला कळला. मला त्या पडद्याची लाज वाटली.

"मी डॉक्टर नाही मॅडम," मुलाणी म्हणाले. "पण वर्षातून असे चार-पाच हात येतात माझ्यासमोर. आधी मी लोकांना तोंडावर सांगायचो. एक गृहस्थ माझ्या अंगावर धावून आले. तेव्हापासून सांगत नाही, दाखवतो."

"आता काय करायचं?"

"मान्य केलंत तर पैसे भरा, आणि त्याच दिवशी ही नोंद पुसली जाईल. कायदाच आहे तसा. कुणाला कधी दिसणार नाही. अमान्य केलंत तर नोंद उघडी होते. तुमच्याकडे येते, आणि सगळ्या कंपन्यांच्या सामाईक खात्यातही जाते, कायमची. मग या हाताला डॉक्टरच्या पत्राशिवाय कुणी गाडी देणार नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शुक्रवारपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

बसमध्ये मी हिशेब मांडत बसले, आणि तो पैशांचा नव्हता. मान्य करून टाकावं. पैसे माझ्या खात्यातून जातील, नोंद पुसली जाईल, धनंजय गाडी चालवत राहील. डॉक्टरकडे त्याला काहीतरी निमित्त काढून नेता येईल. पण पुराव्याशिवाय हा माणूस दुकानदाराने दिलेली सुटी नाणीसुद्धा खिशात टाकत नाही. तो येणार नाही. आणि थरथरणारा हात आईचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं राहील.

तेवढ्यात सासूबाईंचाच फोन आला.

"शर्वरी, बोलू का? कामात नाहीस ना?"

"नाही आई, बोला."

"बॅचा बंद केल्या मी. बायांना सांगितलं, दिवाळीनंतर बघू. दोन दिवस झाले, पेला काठोकाठ भरून हातात धरून बसते गं. पाणी हलतंय का बघते. हलत नाही. पण धना म्हणतो डोळ्याला कळत नाही, मशीनला कळतं. तू शिकलेली आहेस या विषयातली. तुला दिसला का कधी माझा हात थरथरताना?"

"नाही आई. तुमचा हात थरथरत नाही."

"मग तिथं लिहिलंय तो कुणाचा?"

मी म्हटलं, बसमध्ये ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला. चांगलं स्वच्छ ऐकू येत होतं.

घरी धनंजय तक्रारीचा मसुदा घेऊन बसला होता. मुद्दा एक, मुद्दा दोन. मी पर्स ठेवली, त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. दिव्याजवळचा हात आईंचा नाही. डावा आहे. मोठा आहे. घड्याळ आहे त्या मनगटावर.

तो हसला. "म्हणजे माझा?"

"हो."

"माझा हात थरथरतो?"

"टेकलेला असला की. धनंजय, आपण डॉक्टरांकडे जाऊ या."

"तू बघितलंस? फोटो काढलास?"

"काढू देत नाहीत."

"मग!" तो उठूनच उभा राहिला. "बंद खोलीत बसवून काहीतरी दाखवायचं, बाईमाणसाला घाबरवायचं, की ती निमूट मान्य म्हणून पैसे भरते. जुनी युक्ती आहे ही त्यांची. मी सांगतो तुला, आईचाच हात आहे तो. दे तो फोन. अमान्य करू, मग उघडतील की नोंद."

"उघडली की पुसली जात नाही. डॉक्टरच्या पत्राशिवाय तुला कुणी गाडी देणार नाही."

"माझा हात असेल तर ना?"

त्याने हात पुढे केला. मला फोन देणं भाग नव्हतं. उद्या सकाळी गुपचूप पैसे भरता आले असते. पण फलटणमध्ये एक बाई पाण्याचा पेला हातात धरून बसली होती. मी फोन दिला. ते मी जाणूनबुजून केलं, आणि आजही त्याबद्दल मला बरं वाटत नाही.

त्याने अमान्य दाबलं. नोंद लगेच उघडली.

त्याने ती तीनदा बघितली. मग स्वतःच्या मोबाईलमधला दसऱ्याचा व्हिडिओ काढला. वेळ ताडून पाहिली. तीच मिनिटं होती. व्हिडिओच्या एका कोपऱ्यात त्याचं स्वतःचं मनगट दिसत होतं, बॉनेटवर टेकलेलं. त्याने चित्र मोठं केलं. अंगठा तर्जनीवर हळूहळू घासला जात होता, जशी आपण चिमटीत मिठाची कणी चुरडतो. त्याच्याच तोंडून तारीख आणि वार ऐकू येत होता.

"कॅमेरा हलला असेल," तो म्हणाला.

मी व्हिडिओ बंद केला.

"लेपाचं मोजमापही चुकू शकतं. त्यांनी ते कधी तपासून घेतलंय, विचारायला हवं." त्याने मसुद्याची वही पुढे ओढली. मुद्दा तीन, असं लिहिलं. बराच वेळ पेन तिथेच राहिलं. मग त्याने वही मिटली आणि डावा हात टेबलावर ठेवला, पालथा, समोर. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. बघायला लागलो की थरथर कळतच होती. मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला, तरी ती थांबली नाही. मला रडू आलं आणि मी ते अडवलं नाही.

"आईला काय काय बोललो मी," तो म्हणाला.

सोमवारी निकाल आला. मुलाणींनी दोन्ही बाबी रद्द केल्या होत्या. कुंकवाची, कारण करारात साध्या शब्दांत तशी सूचना नव्हती. रेषांची, कारण अनैच्छिक कंपामुळे झालेलं नुकसान हा निष्काळजीपणा धरता येत नाही. देय रक्कम शून्य. धनंजयच्या सगळ्या तक्रारींमध्ये इतका साफ निकाल कधी लागला नव्हता. एरवी त्याने तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला असता. या वेळी त्याने तो वाचला आणि माझ्याकडे दिला. न्यूरॉलॉजिस्टची वेळ बुधवारची मिळाली होती.

आईला फोन करायचं तो टाळत होता. डॉक्टर काय म्हणतात ते बघून करू, असं म्हणत होता. शेवटी मी म्हटलं, "तोवर त्या पेला घेऊन बसणार आहेत का?" पेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो उठून बेसिनपाशी गेला, तोंड धुऊन आला आणि त्याने फोन लावून मधल्या टेबलावर ठेवला.

"आई, तो हात तुझा नव्हता."

"नव्हता ना?" सासूबाईंचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी सांगत होते की नाही? अरे, तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय या हातानं. शिंगट्याची सून रोज विचारतेय, मावशी कधी सुरू करायचं. उद्याच बोलावते तिला. आठवडाभर झोप नाही मला, माहितीय?"

"चुकलो मी, आई."

"चुकलास तर चुकलास. मशीन असलं तरी माणसानंच केलंय ना ते. मग कुणाचा निघाला?"

धनंजयने माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार होते, पण त्याने मान हलवली.

"माझा."

"तुझा कशाला थरथरेल?"

त्याने सांगितलं. आडवळण न घेता, एखादा अर्ज वाचून दाखवावा तसं सांगितलं. डावा हात, टेकलेला असताना, सेकंदाला पाच वेळा. बुधवारी डॉक्टर. बहुतेक काय असावं ते. त्यावर औषधं असतात, लगेच काही होत नाही, माणसं वीस-वीस वर्षं चांगली राहतात. सगळं त्याने वाचून ठेवलेलं होतं.

"धना," त्या म्हणाल्या, "असं कर. त्या कंपनीला सांग, हात आईचाच होता."

"आई, अगं..."

"म्हातारी आहे, हात थरथरतो तिचा, म्हणावं. मी कुठं नाही म्हणतेय? बिल काय असेल ते मी भरते."

"बिल माफ झालंय, आई."

"माफ नको आपल्याला. भरू आपण. बॅचा बंद आहेतच, त्या नाही सुरू करत मी. येते मी तिकडं राहायला, तू म्हणतोस तशी. पण तेवढं लिहून दे त्यांना."

"असं होत नाही गं."

"का होत नाही? जन्मभर लोकांशी भांडून त्यांचे निकाल फिरवलेस ना तू? मग हा फिरव. एवढा एकच फिरव."

धनंजयने फोन उचलून माझ्या हातात दिला आणि तो गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"आई, मी बोलतेय," मी म्हटलं.

"शर्वरी, तू शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच थरथरत नव्हता. "मला फक्त सांग बाळा, सही कुठं करायची."